चक्री असो वा रूलेट, मालक का हरत नाही? शून्याच्या एका घराचं गणित

बीड जिल्ह्यात ‘नगद नारायण’ म्हटलं की लोकांना नारायणगड आठवतो. संत नगद नारायण महाराजांचा हा गड ‘धाकटी पंढरी’ म्हणून ओळखला जातो. जिल्ह्याबाहेर मात्र बोलण्यात ‘नगद नारायण’ म्हणजे रोख पैसा. हा लेख या दुसऱ्या नगद नारायणाबद्दल आहे. म्हणजे जो आधी खिशातून मोबाइलमध्ये जातो आणि तिथून कुणा अनोळखी माणसाच्या खात्यात. गडाचा जुगाराशी काही संबंध नाही. पण गडाच्या पायथ्याच्या गावातल्या पोराच्या मोबाइलवर फिरणारं चाक आणि पणजीच्या कॅसिनोतलं झगमगीत टेबल, या दोन्हींच्या मागचं गणित एकच आहे.

हे गणित अवघड नाही. सातवीच्या अपूर्णांकांच्या पुढचं त्यात काही नाही. तरीही बहुतेक खेळणाऱ्यांनी ते कधी मांडून पाहिलेलं नसतं. आपण मांडून पाहू.

रूलेट म्हणजे चक्रीच

फ्रेंच भाषेत ‘रूलेट’ या शब्दाचा अर्थ लहान चाक. आपल्याकडे जत्रेतल्या फिरत्या चाकाच्या जुगाराला ‘चक्री’ म्हणतात. म्हणजे नावसुद्धा तेच. हा खेळ १८व्या शतकात फ्रान्समध्ये रुजला आणि तिथून जगभर गेला.

युरोपीय रूलेटच्या चाकाला ३७ घरं असतात. १ ते ३६ आकड्यांपैकी १८ लाल, १८ काळे. उरलेलं एक घर शून्याचं, ते हिरवं. चाक एका दिशेने फिरवतात, त्यावर छोटी गोळी उलट दिशेने सोडतात. गोळी ज्या घरात थांबेल तो आकडा आला. अमेरिकी चाकात शून्याच्या जोडीला दोन शून्यांचं आणखी एक घर असतं, म्हणून तिथे घरं ३८.

पैसे अनेक प्रकारे लावता येतात. एकाच आकड्यावर लावले आणि तो आला, तर एकास पस्तीस मिळतात. म्हणजे १०० रुपयांवर ३,५०० रुपये नफा आणि आपले १०० परत. लाल किंवा काळ्यावर लावले तर एकास एक. बारा आकड्यांच्या गटावर लावले तर एकास दोन.

ऐकायला सगळं रास्त वाटतं. गडबड आहे ती एका घराची.

पारावरचे ३७ जण

समजा, गावाच्या पारावर ३७ जण बसलेत. मधोमध चाक आहे. प्रत्येकाने वेगळा आकडा धरला. एकाने शून्य, एकाने १, एकाने २, असं करत शेवटच्याने ३६. प्रत्येकाने १०० रुपये टाकले. एकूण जमा झाले ३,७०० रुपये.

चाक फिरलं. आकडा कुठलाही येवो, ३७ जणांतला एकच जण जिंकणार. त्याला मिळणार ३,५०० रुपये नफा आणि त्याचे १०० परत, म्हणजे ३,६००. उरले १०० रुपये. ते चाकाच्या मालकाचे.

पत्त्यांच्या अड्ड्यावर मालक प्रत्येक डावातून स्वतःचा वाटा बाजूला काढतो, त्याला ‘नाल’ म्हणतात. तिथे नाल डोळ्यांना दिसते. रूलेटमध्ये ती दिसत नाही, कारण ती भावातच कापलेली असते. घरं ३७ आणि भाव मात्र ३६ घरं असल्यासारखा. मालकाने ना चाक वाकडं केलं, ना गोळीला चुंबक लावलं. तरीही प्रत्येक ३,७०० रुपयांमागे १०० रुपये त्याचे. टक्केवारीत २.७०.

मग एकट्या आकड्याऐवजी लाल लावलं तर? लाल घरं १८. शंभराच्या हिशेबाने ३७ वेळा लावा आणि प्रत्येक घर एकदा आलं असं धरा. १८ वेळा जिंकाल, दर वेळी हातात २०० रुपये येतील. १८ गुणिले २०० म्हणजे ३,६००. बारा आकड्यांचा गट? १२ वेळा जिंकाल, दर वेळी ३०० रुपये. पुन्हा ३,६००. कसेही लावा, ३,७०० घालून ३,६०० बाहेर येतात. कोणता डाव ‘सेफ’ हा वाद म्हणूनच पोकळ आहे. डाव बदलला की चढउतार बदलतात, नाल बदलत नाही.

अमेरिकी चाकावर ३,८०० घालून ३,६०० येतात. म्हणजे नाल ५.२६ टक्के, जवळपास दुप्पट. फरक फक्त एका जादा घराचा. १८४३ साली जर्मनीतल्या बाड होम्बुर्गमध्ये फ्रान्स्वा आणि लुई ब्लांक या भावांनी एकाच शून्याचं चाक आणलं. दोन शून्यांच्या चाकांपेक्षा ते गिऱ्हाइकांना स्वस्त पडत होतं, म्हणून गिऱ्हाइकं त्यांच्याकडे वळली. मालकाने नाल निम्मी केली आणि तरीही त्याचा धंदा वाढला.

‘२.७० टक्केच ना? एवढं तर चालतं’

इथेच बहुतेकांची फसगत होते. हे २.७० टक्के तुम्ही घरून आणलेल्या पैशांवर नसतात. ते तुम्ही लावलेल्या प्रत्येक डावावर असतात. जिंकलेले पैसे पुन्हा लावले की त्यावर पुन्हा नाल. तेच ५० रुपये संध्याकाळभरात वीस वेळा फिरले, तर हिशेब १,००० रुपयांवर होतो.

आता मोबाइल घ्या. समजा, दर अर्ध्या मिनिटाला एक डाव आणि प्रत्येक डावावर फक्त ५० रुपये. तासाला १२० डाव, म्हणजे ६,००० रुपयांची उलाढाल. रोज दोन तास, महिनाभर खेळलं तर उलाढाल ३ लाख ६० हजारांची. खिशात एवढे पैसे कधीच नव्हते, पण डावांवर एवढे लागले. एका शून्याच्या प्रामाणिक चाकावर यातून सरासरी जाणारी रक्कम सुमारे ९,७३० रुपये. नाल १० टक्के असलेल्या खेळात तीच रक्कम होते ३६,००० रुपये.

बीडच्या भाषेत ही रक्कम मोजू. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि दर टनाला साधारण ३६६ रुपये झाला. ३६,००० रुपये म्हणजे सुमारे ९८ टन ऊस. एका कोयत्याने, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीने, दिवसाला दोन टन तोडला असं धरलं तरी ४९ दिवसांची तोड. मुकादमाकडून घेतलेली उचल अंगमेहनतीने फेडायला हंगाम जातो. तीच उचल ५०-५० रुपयांनी मोबाइलमध्ये विरघळायला महिना पुरतो. डाव ‘फक्त पन्नासचा’ वाटतो, कारण पडद्यावर उलाढालीचा आकडा कुणी दाखवत नाही.

‘आता काळा येणारच’

लागोपाठ सहा वेळा लाल आला. आता काळा ‘ड्यू’ आहे, असं सगळ्यांनाच वाटतं. गोळीला मात्र यातलं काही माहीत नसतं. मागचा आकडा ती लक्षात ठेवत नाही. पुढच्या फेरीतही काळी घरं ३७ पैकी १८च असतात, म्हणजे शक्यता ४८.६५ टक्के. सहा लाल आल्यानंतरही तेवढीच, साठ आल्यानंतरही तेवढीच.

याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण मोंटे कार्लोच्या कॅसिनोतलं आहे. १८ ऑगस्ट १९१३ रोजी तिथल्या एका टेबलावर लागोपाठ २६ वेळा काळा आला. जसजशी रांग लांबली, तसतसे लोक लालवर जास्त पैसे ओतू लागले. ‘आता तरी लाल येईलच’ या हिशेबात मोठमोठ्या रकमा गेल्या. ठरवून २६ वेळा काळा येण्याची शक्यता सुमारे पावणेचौदा कोटींत एक. पण २५ काळे येऊन गेल्यावर सव्विसावाही काळा येण्याची शक्यता तीच, ४८.६५ टक्के. दुर्मीळ घटना मागे घडून गेलेली असते. पुढचा डाव कोराच असतो.

‘बऱ्याच वेळात न आलेला आकडा’ धरणाऱ्यांचंही असंच होतं. ३७ फेऱ्या झाल्या म्हणजे प्रत्येक आकडा एकदा तरी यायला हवा, असं वाटतं. प्रत्यक्षात ३७ फेऱ्यांत तुमचा आकडा एकदाही न येण्याची शक्यता ३६ टक्के आहे. म्हणजे दर ३७ फेऱ्यांत सरासरी तेरा-चौदा आकडे येतच नाहीत. हा चाकाचा दोष नाही, नशिबाचाही नाही. योगायोग असाच दिसतो. मागच्या आकड्यांचे जे ‘चार्ट’ ग्रुपवर फिरतात, त्यांतून पुढचा आकडा निघत नाही.

दुप्पट लावत जाण्याची युक्ती

सोशल मीडियावर सर्वांत जास्त विकली जाणारी ‘ट्रिक’ हीच. लालवर १०० लावा. हरलात तर २००. पुन्हा हरलात तर ४००. कधी ना कधी लाल येईलच, आणि आला की आधीची सगळी भरपाई होऊन वर १०० रुपये नफा. या युक्तीला मार्टिंगेल म्हणतात आणि ती काही शतकं जुनी आहे. कुणा ‘गुरू’ने परवा शोधलेली नाही.

आता हिशेब. १००, २००, ४००, ८००, १,६००, ३,२००, ६,४०० असे सात डाव लागोपाठ हरलात, तर गेलेले पैसे १२,७००. आठव्या डावाला १२,८०० हवेत, तेही फक्त १०० रुपये जिंकण्यासाठी. खिसा इथे संपतो. खिसा मोठा असला तरी टेबलावर कमाल डावाची मर्यादा असते, ती इथे आडवी येते.

लागोपाठ सात वेळा हरण्याची शक्यता सुमारे १०६ मध्ये एक. म्हणजे सरासरी १०५ वेळा तुम्ही १०० रुपये जिंकाल, एकूण १०,५००. आणि एकदा १२,७०० घालवाल. बेरीज पुन्हा मालकाच्या बाजूने.

या युक्तीने हरण्याची वेळ पुढे ढकलली जाते, हरणं टळत नाही. उलट नुकसान एकाच झटक्यात होतं. आठवडाभर रोज थोडे थोडे पैसे येत राहतात, माणसाला वाटतं जमलं. मग एका रात्री सगळं जातं, आणि ते ‘भरून काढायला’ कर्ज काढलं जातं.

मग माझा मित्र कसा जिंकला?

तो खरंच जिंकलेला असू शकतो. गणित तसं नाकारत नाही.

समजा, १०० जणांनी लालवर प्रत्येकी १०० डाव सारख्याच रकमेने खेळले. शेवटी त्यांच्यातले साधारण ३६ जण नफ्यात असतील. हे ३६ जण स्क्रीनशॉट टाकतात. बाकीच्यांपैकी बहुतेक गप्प बसतात. तुमच्या मोबाइलवर म्हणून फक्त जिंकणारेच दिसतात.

तेच लोक थांबले नाहीत आणि प्रत्येकी १,००० डाव खेळले, तर नफ्यात उरतात सुमारे १९. आणि १०,००० डाव झाले तर? हजार माणसांत तीन-चार. वर सांगितलेल्या मोबाइलच्या वेगाने १०,००० डाव व्हायला दीड महिनाही लागत नाही.

खेळाडू आणि मालक यांच्यातला खरा फरक इथे आहे. खेळाडू एकटा आहे, त्याचे डाव मोजके आणि पैसा मर्यादित. मालकाकडे एकाच वेळी हजारो डाव चालू असतात. खेळाडूसाठी जो योगायोग आहे, तो मालकासाठी सरासरी आहे. म्हणूनच कुणी जिंकला तर मालकाला वाईट वाटत नाही. ती त्याची जाहिरात असते.

मटका, चक्री आणि पडद्यावरचं चाक

महाराष्ट्रात रूलेटचं टेबल क्वचितच कुणी पाहिलेलं असतं. आपल्याकडचा जुना ओळखीचा जुगार मटका. मुंबईत कापसाच्या भावांवर लागणाऱ्या ‘आकड्या’तून तो वाढला. कल्याण मटका १९६२ पासूनचा. त्यात शून्य ते नऊ असे दहा आकडे आणि भाव साधारणपणे एकाला नऊ. पारावरचाच हिशेब लावा. दहा जणांनी दहा आकड्यांवर शंभर-शंभर लावले. जमा १,०००, परत ९००. नाल १० टक्के, रूलेटच्या पावणेचारपट.

हल्ली ‘ऑनलाइन चक्री’, ‘बिंगो’, ‘रूलेट’ अशा नावांनी संगणकावर आणि मोबाइलवर अड्डे चालतात. त्यांच्यावरच्या धाडींच्या बातम्या राज्यभरातून येत असतात. इथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. पडद्यावर फिरतं ते चाक नाही, चाकाचं चित्र आहे. आकडा प्रोग्रॅम ठरवतो. कोणत्या आकड्यावर किती पैसे लागलेत, हे चित्र फिरण्याआधीच त्या यंत्रणेला माहीत असतं. सर्वांत कमी पैसे लागलेला आकडाच काढायचा, असं कुणी ठरवलं तर ते प्रोग्रॅममध्ये लिहिणं अगदी सोपं आहे. बेकायदा अड्ड्यावर ते तपासणारं कुणी नसतं. तेव्हा २.७० टक्के ही प्रामाणिक चाकाची किंमत झाली. अप्रामाणिक चाकाला टक्केवारीच नसते.

‘पण रूलेटला हरवलंय ना काही जणांनी?’ हो. १९६१ मध्ये एडवर्ड थॉर्प आणि क्लॉड शॅनन या दोन अमेरिकी गणितज्ञांनी अंगावर लपवता येईल असा छोटा संगणक बनवला. गोळी आणि चाकाचा वेग मोजून, गोळी चाकाच्या कोणत्या भागात पडेल याचा तो अंदाज बांधायचा. त्यांनी वापरलं ते भौतिकशास्त्र. खऱ्या चाकाला वजन असतं, वेग असतो, म्हणून ते शक्य झालं. डाव कमी-जास्त करून त्यांनी काही मिळवलं नव्हतं. पडद्यावरच्या चित्राला ना वजन, ना वेग. तिथे मोजायलाच काही नाही.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्रात जुगारबंदीचा कायदा १८८७ पासून आहे. अड्डा चालवणं आणि अड्ड्यावर खेळणं, दोन्ही गुन्हे आहेत. कॅसिनोंना परवानगी देऊ पाहणारा एक कायदा राज्याने १९७६ साली केला होता. तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला.

गोव्यात वेगळं आहे. तिथल्या १९७६ च्या जुगार कायद्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या जुगाराला वाट मिळाली. १९९६ मध्ये बोटींवरच्या कॅसिनोंना. मांडवी नदीतले कॅसिनो त्यातूनच आले. १ फेब्रुवारी २०२० पासून गोवा सरकारने गोमंतकीयांना मात्र कॅसिनोत जुगार खेळायला बंदी केली. म्हणजे टेबल गोव्याचं आणि पैसे बाहेरच्यांचे. त्यात महाराष्ट्रातून जाणारेही आले.

ऑनलाइनचं चित्र ऑगस्ट २०२५ मध्ये बदललं. संसदेने केलेल्या नव्या ऑनलाइन गेमिंग कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते नशिबाचे असोत वा कौशल्याचे, चालवायला त्यात बंदी आहे. चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. रील बनवून लिंक देणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. बँका आणि पेमेंट कंपन्यांनाही अशा खेळांचे व्यवहार करायला मनाई आहे. या कायद्यात नुसतं खेळणाऱ्याला शिक्षा नाही. त्याच्याकडे गुन्हेगार म्हणून न पाहता नुकसान झालेला माणूस म्हणून पाहिलं आहे.

गेलेले पैसे परत आणायचे असतील तर

जुगारात सर्वांत महाग पडणारा विचार म्हणजे ‘गेलेले तेवढे काढतो आणि थांबतो’. गणिताच्या नजरेने पाहा. काल २०,००० गेले, म्हणून आजच्या चाकात एक लाल घर वाढलेलं नाही. आजच्या ३,७०० मधूनही ३,६००च येणार आहेत. गेलेले पैसे परत मिळवायला जितके जास्त डाव खेळाल, तितकी उलाढाल वाढेल आणि नालही. थांबलं तर नुकसान आहे तिथेच राहतं. थांबण्याला फक्त एवढंच जमतं, पण कुठल्याही ‘ट्रिक’ला तेही जमत नाही.

घरात कुणी यात अडकलं असेल, तर आधी कर्जाचा खरा आकडा कागदावर मांडा. सावकाराचं, लोन ॲपचं, मित्रांचं, सगळं. लपवलेलं कर्ज फेडण्यासाठीच माणूस पुन्हा डावाकडे वळतो. खात्यातून फसवून पैसे काढले गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा. हातून सुटत नसेल, झोप उडाली असेल, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर १४४१६ वर फोन करा. ही सरकारची ‘टेली-मानस’ सेवा आहे. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं.

आणि पुढच्या वेळी कुणी ग्रुपवर ‘फिक्स आकडा’ टाकला, तर त्याला एकच प्रश्न विचारा: चाकावर घरं किती आणि भाव किती? या दोन आकड्यांत जो फरक निघेल, त्यावरच त्याच्या मालकाचं घर चालतं.